रिटायर्ड माणसाचा प्रीमियम कोणी भरायचा? इलिनॉयमधलं 'कनर्वा' प्रकरण

इलिनॉय म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे ते. तिथे २०१२ पर्यंत एक नियम होता, तो आपल्याकडच्या रिटायर्ड बँकवाल्याला सांगितला तर त्याचा विश्वास बसणार नाही. राज्य सरकारच्या नोकरीत २० वर्षं काढली की रिटायरमेंटनंतर स्वतःच्या हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम शून्य, तोही मरेपर्यंत. २० पेक्षा कमी वर्षं झाली असतील तर दर पूर्ण वर्षामागे सरकार ५ टक्के भरणार, म्हणजे १३ वर्षं नोकरी केली असेल तर ६५ टक्के सरकारचे आणि ३५ टक्के तुमचे. १ जानेवारी १९९८ च्या आधी जे रिटायर झाले त्यांना तर हा हिशोबही लागू नव्हता, त्यांचा सगळा प्रीमियम सरकारच भरायचं. आमदारांना ही सोय ४ वर्षांत मिळायची आणि न्यायाधीशांना ६ वर्षांत. (न्यायाधीशांचं हे लक्षात ठेवा, पुढे गंमत आहे.)

आता यात सगळे सरकारी लोक येत नव्हते हेही सांगायला पाहिजे. शाळामास्तरांची रिटायरमेंटनंतरची इन्शुरन्स स्कीम वेगळी, त्यात ते आधीपासूनच प्रीमियम भरत आलेत. आणि शून्य प्रीमियम फक्त स्वतःचा, बायको किंवा नवऱ्याला कव्हर हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. म्हणजे "सगळं फुकट" असं जे पेपरवाले लिहायचे ते अर्धंच खरं होतं, पण जे खरं होतं तेही कमी नव्हतं. गव्हर्नर पॅट क्विन यांच्या ऑफिसचा हिशोब असा की रिटायर्ड लोकांपैकी जवळपास ९० टक्के लोक प्रीमियमचा एक डॉलरही भरत नाहीत आणि सरकारला त्यासाठी वर्षाला साधारण ८० कोटी डॉलर मोजावे लागतात.

क्विन डेमोक्रॅट, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला वाटतं अशी कात्री फक्त मालकधार्जिणी पार्टीच लावते. राज्याची पेन्शन फंडं देशात सगळ्यात वाईट अवस्थेतल्या फंडांपैकी होती, सरकारने वर्षानुवर्षं आपला हिस्सा पूर्ण भरलाच नव्हता आणि खड्डा १०० अब्ज डॉलरच्या घरात जात होता. पेन्शनला हात लावणं अवघड, कारण पेन्शन घटनेत लिहिलेली. मग हात कुठे लावायचा, तर इन्शुरन्सला. २०१२ च्या मे महिन्यात विधिमंडळाने बिल पास केलं, जूनमध्ये क्विननी सही केली, १ जुलैपासून कायदा लागू. कायद्याने काय केलं? दर ठरवलेच नाहीत. फक्त २० वर्षांचा आणि ५ टक्क्यांचा तो जुना फॉर्म्युला पुसून टाकला आणि म्हटलं की कोणी किती भरायचं ते सरकारच्या प्रशासन खात्याचे डायरेक्टर दरवर्षी ठरवतील. आकडा वाढवला असता तर लोक आकड्यावर भांडले असते, इथे आकडाच नाहीसा केला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घातक चाल हीच होती.

मग प्रत्यक्ष दर कुठून आले? तर युनियनबरोबरच्या करारातून. आणि इथे गोष्ट जरा अवघड होते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी युनियन म्हणजे अ‍ॅफ्स्मी कौन्सिल ३१. बिलाला तिने विरोध केला होता. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये क्विननी चालू करारच रद्द केला, पगारवाढ अडकलेली, आणि २०१३ च्या सुरुवातीला जो नवा करार झाला त्यात रिटायर्ड लोकांचा प्रीमियमही आला. जुलै २०१३ पासून ज्यांना मेडिकेअर (अमेरिकेच्या केंद्र सरकारचा म्हातारपणचा हेल्थ इन्शुरन्स) आहे, म्हणजे साधारण ६५ च्या पुढचे, त्यांच्या पेन्शनमधून १ टक्का, आणि ज्यांना अजून मेडिकेअर नाही त्यांच्या पेन्शनमधून २ टक्के. पुढच्या वर्षी दोन्ही डबल, २ आणि ४.

एकाच माणसाचा हिशोब धरू. समजा ५९ वर्षांची बाई, २६ वर्षं राज्याच्या एखाद्या ऑफिसात काम केलेली, पेन्शन महिन्याला २५०० डॉलर. जून २०१३ च्या पेन्शन स्लिपवर स्वतःच्या इन्शुरन्सपुढे शून्य. जुलैपासून ५० डॉलर. पुढच्या जुलैपासून १०० डॉलर. १०० डॉलरने ती रस्त्यावर येत नाही, खासगी कंपनीतून रिटायर झालेला तिचा शेजारी तर म्हणेल एवढंच ना, मी याच्या कितीतरी पट भरतो. आणि तो खोटं बोलत नाहीये. सरकारच्या बाजूने जे लोक लिहीत होते त्यांचा सगळा भर याच शेजाऱ्यावर होता, टॅक्स तो भरणार, स्वतःचा प्रीमियम तो भरणार, वर हिचाही त्यानेच भरायचा का. त्यावर "आम्हाला परवडत नाही" हे उत्तर टिकत नाही, कारण परवडण्याच्या गोष्टीत नेहमी आपल्याहून जास्त अडचणीतला कोणीतरी सापडतोच.

रिटायर्ड लोकांनी कोर्टात हे उत्तर दिलंच नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते जिंकले.

चार वेगवेगळे दावे दाखल झाले, ते स्प्रिंगफील्डच्या म्हणजे सँगमन काउंटीच्या कोर्टात एकत्र केले गेले, आणि पहिल्या वादीच्या आणि प्रशासन खात्याच्या डायरेक्टरच्या आडनावावरून नाव पडलं 'कनर्वा विरुद्ध वीम्स'. वादींचं म्हणणं सरळ होतं. इलिनॉयच्या १९७० च्या घटनेत तेराव्या अनुच्छेदात पाचवं कलम आहे, एका वाक्याचं. त्याचा आशय असा की राज्याच्या किंवा स्थानिक संस्थांच्या कुठल्याही पेन्शन किंवा रिटायरमेंट सिस्टिमचं सदस्यत्व हा अंमलात आणता येईल असा करार समजला जाईल आणि त्या सदस्यत्वाचे फायदे कमी करता येणार नाहीत की त्यांना बाधा आणता येणार नाही. बघा, वाक्यात "पेन्शनची रक्कम" असं कुठेच नाही, "सदस्यत्वाचे फायदे" असं आहे. आता फुकट इन्शुरन्स कोणाला मिळत होता? ज्याला रिटायरमेंट सिस्टिममधून पेन्शन सुरू झाली त्याला. सिस्टिमचा मेंबर नसाल तर तो मिळूच शकत नाही. मग तो सदस्यत्वाचा फायदा नाही तर काय आहे?

सरकार म्हणालं, इन्शुरन्सची सबसिडी पेन्शनच्या कायद्यात नाहीच, ती ग्रुप इन्शुरन्सच्या वेगळ्या, १९७१ च्या कायद्यात आहे, आणि घटनेतलं कलम फक्त पेन्शनसाठी आहे. शिवाय पेन्शन म्हणजे ठरलेली रक्कम, औषधपाण्याचा खर्च कुठे जाईल कोणाला माहीत, घटना लिहिणाऱ्यांनी असा बिनहिशोबी बोजा कायमचा बांधून ठेवला असेल का? वाईट युक्तिवाद नाहीये हा. सँगमन काउंटीच्या न्यायाधीशांना पटला आणि मार्च २०१३ मध्ये त्यांनी सगळे दावे फेटाळले. जुलैपासून कपात सुरू झाली. अपील मधली पायरी वगळून सरळ राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं.

हे कलम आलं कुठून तेही बघण्यासारखं आहे. १९६९-७० मध्ये नवी घटना लिहायला स्प्रिंगफील्डला अधिवेशन भरलं होतं, त्यात हेन्री ग्रीन आणि हेलन किनी या दोन प्रतिनिधींनी हे कलम मांडलं. पेन्शन फंडात खड्डा तेव्हाही होता, तो काही २०१२ चा शोध नाही. किनीबाईंचं म्हणणं साधारण असं होतं की एखादा पोलीस २० वर्षांनी दोन तृतीयांश पगारावर रिटायर होता येईल या बोलीवर नोकरीला लागला तर मागाहून त्याला एक तृतीयांशच देऊ असं म्हणता येणार नाही. म्हणजे ज्या बोलीवर माणूस लागला ती बोली पाळायची, बस. शब्दरचना न्यूयॉर्कच्या घटनेवरून घेतलेली. आणि इथेच सरकारच्या हातात पत्ता होता, कारण न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९८५ मध्ये म्हटलं होतं की त्यांच्या कलमात हेल्थ इन्शुरन्स येत नाही. उलट बाजूला हवाई आणि अलास्काच्या कोर्टांचे निकाल होते, त्यांनी म्हटलेलं की येतो.

३ जुलै २०१४ ला निकाल लागला, ६ विरुद्ध १. न्या. चार्ल्स फ्रीमन यांनी लिहिला. मुख्य मुद्दा वादींचाच, सबसिडी कुठल्या कायद्याच्या पुस्तकात छापली आहे याला महत्त्व नाही, ती मिळण्याची अट सिस्टिमचं सदस्यत्व ही आहे. घटना लिहिणाऱ्यांना फक्त पेन्शनच वाचवायची असती तर त्यांनी तसं लिहिलं असतं, त्यांनी लिहिलं नाही आणि कोर्ट आपल्या मनाने ते घालणार नाही. आणि अर्थ लावताना शंका राहिलीच तर ती पेन्शनरच्या बाजूने सोडवायची. न्यूयॉर्कचा निकाल बाजूला ठेवला. वेगळा निकाल एकट्या न्या. अ‍ॅन बर्क यांचा, त्यांच्या मते कलम पेन्शनपुरतंच आहे आणि बहुमताने ते फार ताणलं.

आता ती गंमत. २०१२ चा कायदा न्यायाधीशांच्या रिटायरमेंट सिस्टिमलाही लागू होता, म्हणजे खुर्चीवर बसलेले सातही जण आपल्याच भावी प्रीमियमचा निकाल देत होते! पण करणार काय, राज्यातल्या कुठल्याही न्यायाधीशाकडे दिलं असतं तरी तेच, त्यामुळे कोणीतरी ऐकायला तर हवंच. विरोधी मत देणाऱ्या बर्कबाई स्वतःच्या खिशाविरुद्ध मत देत होत्या हेही नोंदवायला हवं, आणि बहुमतावर स्वार्थाचा शिक्का मारण्यापूर्वी कलमाचं ते वाक्य एकदा शांतपणे वाचावं, मला तरी दुसरा अर्थ सहज निघताना दिसत नाही.

तांत्रिकदृष्ट्या हा शेवटचा निकाल नव्हता, दावे फेटाळणं चूक ठरवून प्रकरण खाली परत पाठवलं होतं. पण कलमाचा अर्थ एकदा लावून झाल्यावर सरकारकडे लढायला काही उरलं नाही. कपात थांबली, कापलेले पैसे परत करावे लागले. दणका मात्र खूप मोठ्या जागी बसला. डिसेंबर २०१३ मध्ये क्विननी पेन्शन सुधारणेचा मोठा कायदा आणला होता, त्यात पेन्शनमधली दरवर्षीची वाढ कापली होती. कनर्वाचा निकाल वाचून सगळ्यांना कळलं की इन्शुरन्स जर सुरक्षित तर पेन्शनची वाढ तर असणारच, आणि तसंच झालं, ८ मे २०१५ ला सुप्रीम कोर्टाने तो कायदा ७ विरुद्ध ० ने उडवला.

आपल्याकडच्या लोकांसाठी थोडं थांबतो. १९८२ च्या नाकरा निकालात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, आणि आपले पेन्शनर ते वाक्य जपमाळेसारखं म्हणतात. पण औषधपाण्याच्या बाबतीत त्याच कोर्टाने १९९८ मध्ये पंजाबच्या प्रकरणात असंही म्हटलंय की सरकारची ऐपत बघून वैद्यकीय खर्चाच्या परताव्याला मर्यादा घालता येते. म्हणजे पेन्शन एका खुंटीला, औषधपाणी दुसऱ्या. केंद्र सरकारच्या पेन्शनरला निदान सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे, १० वर्षांची वर्गणी एकदम भरली की आयुष्यभराचं कार्ड, सातव्या वेतन आयोगानंतरच्या दराने सगळ्यात वरच्या पायरीवर १ लाख २० हजार आणि खालच्या पायरीवर ३० हजार. बँकवाल्यांचं काय? मे २०१५ च्या, बँका आणि युनियनमधल्या दहाव्या द्विपक्षीय करारातून ग्रुप मेडिक्लेम आला, ऑफिसरला ४ लाखांचं कव्हर, क्लार्कला ३ लाखांचं, पण त्या करारात ठरलं असं की नोकरीत असलेल्याचा प्रीमियम बँक भरणार आणि रिटायर्ड माणसाने स्वतःचा स्वतः भरायचा. दरवर्षी दिवाळीच्या आसपास रिन्यूअलचा आकडा आला की रिटायरींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी आग लागते ती ज्यांनी बघितली आहे त्यांना मी काय सांगणार. ७८ वर्षांचे जोशीकाका टाईप लोक तिथे लिहितात "आम्ही बँक उभी केली", ते खरंच आहे, पण तो मुद्दा कोर्टात कुठे बसवायचा ते कोणी सांगत नाही.

परत इलिनॉयला. जिंकल्यावर सगळं आनंदीआनंद झालं असं नाही. निकालाने प्रीमियमचा वाटा वाचला, प्लॅन कसा असेल ते नाही. २०१४ च्या सुरुवातीपासूनच मेडिकेअरवाल्या रिटायर्ड लोकांना सरकारने खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज प्लॅनमध्ये हलवलं होतं. आणि जुलै २०१५ पासून तर कहरच झाला, नवे रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर आणि डेमोक्रॅट विधिमंडळ यांचं बजेटवरून फाटलं आणि दोन वर्षं राज्याचं पूर्ण बजेटच पास झालं नाही. कर्मचाऱ्यांच्या हेल्थ इन्शुरन्सची बिलं कोर्टाच्या आदेशाने चालणाऱ्या खर्चात बसत नव्हती, त्यामुळे ती नुसती साचत गेली. डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना महिनोन्‌महिने पैसे मिळेनात, मग काही डेंटिस्ट आणि डॉक्टर पेशंटलाच सांगायला लागले की तुम्ही आधी रोख भरा, सरकारकडून आले की तुम्हाला परत देतो. थकलेल्या बिलांवर सरकारला ९ ते १२ टक्के व्याज, ते वेगळंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याची एकूण थकबाकी १६.७ अब्ज डॉलरवर पोचली, शेवटी ६ अब्जांचे बाँड काढून त्यातली बरीच बिलं फेडली. म्हणजे बघा, प्रीमियम शून्य, कोर्टाचा निकाल हातात, कार्ड खिशात, आणि दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसण्याआधी चेक लिहा. कुठल्या कलमाने वाचवायचं याच्यापासून?

आणि नोकरीत असलेल्यांचं काय झालं, ते तर या प्रकरणात कायम मागच्या बाकावर. घटनेतलं कलम त्यांच्या आजच्या प्रीमियमला लागू नाही, रिटायर झाल्यावर मिळेल ते मिळेल. आज ते जे भरतात ते पगाराच्या टप्प्यांनुसार, आणि दर ठरतात करारात. राउनरनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. जून २०१५ ला करार संपला, राउनर म्हणाले चार वर्षं पगार गोठवा आणि इन्शुरन्सच्या खर्चातला कर्मचाऱ्यांचा हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत न्या, बऱ्याच जणांचा प्रीमियम यात जवळजवळ दुप्पट होणार होता. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बोलणी खुंटली. त्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या लेबर बोर्डानेही खुंटली असं मान्य केलं, म्हणजे सरकार आपल्या अटी लादायला मोकळं. युनियन अपील कोर्टात गेली, स्टे मिळवला, फेब्रुवारी २०१७ मध्ये संपाला परवानगी द्यायचं मतदान घेतलं, ८१ टक्के बाजूने. संप झाला नाही. वेळ काढत काढत नोव्हेंबर २०१८ आला, राउनर निवडणूक हरले, जे. बी. प्रिट्झकर आले आणि २०१९ मध्ये करार झाला. म्हणजे रिटायर्ड लोकांना दोन वर्षांत एका वाक्याने जे मिळालं त्याच्यासाठी नोकरीवाल्यांना चार वर्षं कोर्ट, बोर्ड, मतदान आणि शेवटी गव्हर्नर बदलण्याची वाट बघायला लागली, आणि त्यांना मिळालं ते पुढच्या करारापर्यंतच.

२०१३ च्या करारात युनियनने रिटायर्ड लोकांच्या प्रीमियमचे आकडे मान्य केले म्हणून तेव्हा अनेक रिटायर्ड मंडळी चिडली असणार, आणि चिडण्यासारखं आहेच, वर्गणी ३० वर्षं भरायची आणि रिटायर झाल्यावर आपल्यावतीने टक्केवारी ठरवून यायची. पण टेबलावर बसलेल्याला नोकरीवाल्यांची अडकलेली पगारवाढही सोडवायची होती. कुठल्याही युनियनमध्ये हा ताण असतो, आपल्याकडेही आहे, रिटायर्ड माणसाला वाटाघाटीत खुर्ची नसते आणि नोकरीवाल्याला वाटतं म्हाताऱ्यांचा खर्च आपल्या वाढीतून जातोय.

शेवटी शिकागो शहराचं सांगतो, कारण राज्यात कनर्वा निकाल असूनही तिथले लोक हरले, म्हणजे बहुतेक हरले. शहराच्या रिटायर्ड कर्मचाऱ्यांच्या इन्शुरन्सवर १९८७ पासून भांडण चालू होतं, सेटलमेंट होत गेल्या, शेवटची ३० जून २०१३ ला संपली. मेयर राह्म इमॅन्युएल यांनी जाहीर केलं की २३ ऑगस्ट १९८९ च्या आधी रिटायर झालेले सोडून बाकी सगळ्यांची सबसिडी २०१६ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद. लोक कोर्टात गेले, कनर्वा दाखवला. पण इथे जे कायदे झाले होते त्यात सुरुवातीपासूनच शेवटची तारीख लिहिलेली होती, अमुक वर्षापर्यंत सबसिडी देऊ, आणि दर वेळी सेटलमेंट झाली की नवी तारीख. कोर्टाचं म्हणणं, फायदा कमी केलेला नाही, तो जितका दिला होता तितका देऊन संपला. फक्त १९८३ आणि १९८५ च्या जुन्या कायद्यांत तारीख नव्हती, त्यामुळे ते कायदे चालू असताना नोकरीत असलेल्यांचा हक्क २०१७ मध्ये अपील कोर्टाने मान्य केला, पण त्या कायद्यांत लिहिलेल्या रकमेपुरताच. पोलीस आणि फायर ब्रिगेडवाल्यांसाठी ती रक्कम, मेडिकेअर नसेल तर महिन्याला ५५ डॉलर, असेल तर २१.